संगणकाचा गृहपाठ आणि मुलीची डोकेदुखी

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात नेहमीपेक्षा गर्दी होती. त्या गर्दीत एक आई आपल्या सातवीतल्या मुलीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"डॉक्टर, हिचं डोकं रोज दुखतंय. दोन महिने झाले. शाळेतून आली की कपाळ धरून बसते. मेडिकलमधून गोळी आणून देते, तेवढ्यापुरतं थांबतं. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मला वाटतं अभ्यासाचा कंटाळा असेल."

मुलगी मान खाली घालून बसली होती. ताप नाही, सर्दी नाही, रक्तदाब व्यवस्थित. डोळे मात्र लालसर आणि ओढलेले दिसत होते. मी विचारले, "बाळ, रात्री झोपतेस किती वाजता?" तिने आधी आईकडे पाहिले, मग हळूच म्हणाली, "बारा वाजतात. कॉम्प्युटरचा होमवर्क असतो."

"घरी कॉम्प्युटर आहे?"

"नाही. पप्पांच्या मोबाईलवर करते."

हळूहळू सगळा उलगडा झाला. वडील रिक्षा चालवतात. मोबाईल दिवसभर त्यांच्याजवळ असतो आणि ते रात्री साडेनऊला घरी येतात. जेवणे उरकून मोबाईल मुलीच्या हाती येईपर्यंत दहा वाजतात. घर दोन खोल्यांचे. धाकटा भाऊ झोपलेला, म्हणून दिवा बंद. मग ही मुलगी कुशीवर पडून, मोबाईल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून माहिती शोधते, वहीत उतरवते आणि चित्रे जमवून ठेवते. दुसऱ्या दिवशी वडील त्याच्या रंगीत प्रिंट काढून आणतात. एका पानाला दहा रुपये. त्या आठवड्याचा गृहपाठ होता 'संगणकाचे भाग व त्यांचे उपयोग', दहा पाने, सचित्र. सकाळी सहाला उठायचे, म्हणजे झोप जेमतेम सहा तास.

मी सहज विचारले, "मग प्रोसेसर म्हणजे काय, सांग बरं." तिने दोन ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. "म्हणजे काय?" असे पुन्हा विचारले तेव्हा ती गप्प झाली. डोळ्यांत पाणी आले. आई म्हणाली, "शाळेतही असंच होतं. फळ्यावरचं लिहून घेत नाही म्हणून बोलणी खाते. या वर्षी उंची वाढली म्हणून मागच्या बाकावर बसवलंय."

हे ऐकल्यावर मी तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर उभे केले. वरच्या तीन ओळींनंतर तिला काहीच वाचता येईना. सरकारी रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वाचा नंबर निघाला.

डोकेदुखीची तीन कारणे

तिच्या डोकेदुखीला एक कारण नव्हते, तीन होती. लांबचे नीट दिसत नसताना चष्म्याशिवाय सतत डोळे बारीक करून पाहणे, रात्री अंधारात मोबाईल जवळ धरून तासन् तास पाहणे आणि अपुरी झोप. गोळीने यातले एकही कारण दूर होणार नव्हते.

वाचकांच्या मनात लगेच प्रश्न येईल, मोबाईलमुळे चष्मा लागला का? या प्रश्नाचे सरळ 'हो' असे उत्तर देता येणार नाही. लांबचे कमी दिसते त्याला लघुदृष्टी म्हणतात. यात डोळ्याचा गोळा वाजवीपेक्षा थोडा लांब होतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर पडण्याऐवजी पडद्याच्या अलीकडेच तयार होते. आईवडिलांना चष्मा असेल तर मुलांना तो लागण्याची शक्यता अधिक. जवळचे काम फार वेळ करणे, मग ते पुस्तक असो वा मोबाईल, आणि उघड्यावर कमी वेळ घालवणे, याही गोष्टींचा संबंध आहे.

यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या १२ प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला गेला. तीन वर्षांनंतर मैदानावर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. औषध नाही, खर्च नाही, फक्त दिवसाचा उजेड. संगणकाच्या गृहपाठाने मुलाची संध्याकाळ खाल्ली की हा उजेडही जातो.

डोळ्यांची आग होणे, ते कोरडे पडणे, यामागे वेगळे कारण आहे. आपण सहजपणे मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्यांची उघडझाप करतो. पडद्याकडे एकटक पाहताना ती निम्म्याहूनही कमी होते. पापणी दर वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. तो थर सुकला की डोळे चुरचुरतात आणि लाल होतात. अशा वेळी अनेक पालक मेडिकलमधून कुठलेही थेंब आणून घालतात. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवसांत लाली जाते, पण ते दीर्घकाळ वापरले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्यांत काहीही घालू नका.

झोपेचे गणित त्याहून साधे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य पाझरू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. डोळ्यांसमोर प्रकाशित पडदा असला की ही तयारी लांबते. शिवाय दिवसभर शिकलेले मेंदू पक्के करतो ते झोपेतच. म्हणजे रात्री जागून केलेला गृहपाठ सकाळपर्यंत टिकत नाही, वर आदल्या दिवशी वर्गात शिकलेलेही घेऊन जातो.

सरांची बाजू

मुलीच्या वडिलांच्या विनंतीवरून मी शाळेत जाऊन संगणकाच्या सरांना भेटलो. जाताना मनात थोडा राग होता, हे कबूल करतो. सर तरुण, कामसू आणि प्रामाणिक निघाले. त्यांनी मला संगणक कक्ष दाखवला. बारा संगणक, त्यातले सात चालू. वर्गात साठ मुले. आठवड्याला दोन तासिका आणि त्यातली एखादी वीज गेल्याने वाया. एका संगणकावर आठ-नऊ मुले. एक माऊस धरतो, बाकीची वाकून पाहतात.

सर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला तरी दहा पानं तपासायची हौस आहे का? पण घरचा अभ्यास दिला नाही तर पालकच येऊन विचारतात, कॉम्प्युटरची वेगळी फी कशाची घेता? रंगीत फाईल दिसली की त्यांचं समाधान होतं."

यावर मला उत्तर सुचेना. कारण चार वर्षांपूर्वी माझ्याच ओळखीतल्या एका पालकांनी हीच तक्रार माझ्याजवळ केली होती आणि मीही मान डोलावली होती. फाईल जाड म्हणजे अभ्यास चांगला, ही समजूत शाळेने एकटीने तयार केलेली नाही.

आमचे बोलणे लांबले. पालक, शिक्षक आणि आम्ही डॉक्टर, तिघांनीही विचार करावा असे काही मुद्दे त्यातून निघाले. ते पुढे देत आहे.

गृहपाठ किती असावा?

याबाबत नियम नाहीत असे अनेकांना वाटते. तसे नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराच्या वजनाबरोबर गृहपाठाचाही विचार केला आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तास आणि नववी ते बारावीला रोज जास्तीत जास्त दोन तास. ही मर्यादा सगळे विषय मिळून आहे. सातवीच्या मुलाला आठवड्याचे सहा तास धरले आणि विषय सात धरले, तर संगणकाच्या वाट्याला येतात आठवड्याची पन्नास मिनिटे. आमच्या या मुलीचे दहा पानांसाठी चार रात्री दोन-दोन तास गेले होते.

करोनाच्या काळात जुलै २०२० मध्ये केंद्राने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आठवीपर्यंतच्या मुलांना दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन सत्रे घ्यावीत असे सांगितले होते. शाळा बंद असतानाही पडद्याला इतकी मर्यादा घातली, तर शाळा भरत असताना रात्री दोन तास कशासाठी?

याहून जुनी गोष्ट सांगतो. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक, असा त्या अहवालाचा गाभा आहे. प्रोसेसरची व्याख्या म्हणताना डोळ्यांत पाणी आलेली मुलगी माझ्यासमोर बसली होती, तेव्हा मला त्या अहवालाची आठवण झाली.

संगणकाशिवाय संगणकाचा अभ्यास

संगणक ही विचार क्रमाने मांडायला शिकवणारी विद्या आहे. त्यासाठी दर वेळी यंत्र लागतेच असे नाही. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड' नावाचा उपक्रम तयार केला. त्यात पत्ते, खडू, दोरी अशा वस्तू वापरून मुले संगणकशास्त्र शिकतात. त्याच धर्तीवरचे तीन गृहपाठ येथे देतो. खर्च काही नाही.

पहिला, बोटांवरचे गणित. संगणक ० आणि १ हे दोनच अंक वापरतो. उजव्या हाताच्या अंगठ्याची किंमत १, तर्जनीची २, मधल्या बोटाची ४, अनामिकेची ८ आणि करंगळीची १६ धरा. बोट उघडे म्हणजे १, मिटलेले म्हणजे ०. अंगठा आणि मधले बोट उघडे ठेवले की झाले ५. पाचही बोटे उघडली की ३१. एका हातावर शून्यापासून ३१ पर्यंत मोजता येते, हे कळल्यावर मुले दिवसभर बोटे हलवत फिरतात.

दुसरा, अंगणातले कासव. अनेक शाळांत 'लोगो' शिकवतात. सीमोर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली ही मुलांची संगणकभाषा तयार केली. त्यातले कासव 'पुढे', 'उजवीकडे' अशा आज्ञांवर चालते आणि मागे रेघ ओढते. एका मुलाने कासव व्हावे, दुसऱ्याने आज्ञा वाचाव्यात. 'पाच पावले पुढे, उजवीकडे ९० अंश' हे चार वेळा केले की चौकोन होतो. त्रिकोणासाठी मात्र बहुतेक मुले ६० अंश वळायला सांगतात आणि कासव भलतीकडेच जाते. तेथे १२० अंश वळावे लागते. का, हे मुलांना स्वतः शोधू द्या. संध्याकाळी अंगणात हा खेळ अर्धा तास खेळला तर भूमितीही होते, व्यायामही होतो आणि डोळ्यांना हवा तो उजेडही मिळतो.

तिसरा गृहपाठ माझ्या आवडीचा. जलसंजीवनी तयार करण्याची कृती पायऱ्या पाडून लिहा. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरलेले सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. ऐकायला सोपे आहे, पण लिहायला बसल्यावर प्रश्न पडतात. चमचा कोणता? शिगोशीग की सपाट? पाणी उकळलेले नसेल तर काय? मीठ जास्त पडले हे कसे ओळखायचे, आणि तसे झाले तर पुढे काय करायचे? 'जर असे, तर तसे' हे लिहिणे म्हणजेच आज्ञावलीची सुरुवात. त्यात चूक झाली तर संगणकावर कार्यक्रम अडतो, घरात जुलाबाने थकलेल्या बाळाला अपाय होतो. अचूकपणा का हवा, हे मुलांना याहून चांगले कसे समजावणार?

यंत्रावरचे काम शाळेच्या संगणक कक्षात व्हावे. ज्या मुलांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर आठवड्यातून एखादा दिवस अर्धा तास कक्ष उघडा ठेवला, तर साऱ्या मुलांना सारखी संधी मिळेल. नाहीतर गृहपाठाचे गुण मुलाच्या बुद्धीला मिळतात की वडिलांच्या मोबाईलला, हा प्रश्न राहतोच.

पालकांनी काय करावे?

१. मूल पुस्तक फार जवळ धरते, टीव्हीच्या जवळ जाऊन बसते, डोळे बारीक करते, फळ्यावरचे लिहून घेत नाही, अशा वेळी आधी डोळे तपासा, मग रागवा. तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. या कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी पथकामार्फत होते आणि त्यात दृष्टीचाही समावेश आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. गरजू विद्यार्थ्यांना सरकारी नेत्र कार्यक्रमातून मोफत चष्मे देण्याची सोय आहे, तिची चौकशी जवळच्या सरकारी रुग्णालयात करावी.

२. नंबर निघाला तर चष्मा नियमित वापरू द्या. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. 'मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण' असे आमच्या या मुलीच्या आजीही म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, "आजी, तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलंत, तेव्हा पोथी वाचता यावी म्हणूनच ना? नातीलाही वाचायचंच आहे."

३. पडद्यावरचे काम बसून, दिवा लावून करावे. मोबाईल किमान हातभर अंतरावर, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवावा. अंधारात किंवा पडून पाहू नये. मान वाकवली की मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. 'मान अवघडली' म्हणून हल्ली दहा-बारा वर्षांची मुलेही दवाखान्यात येतात.

४. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. खिडकीतून झाड दिसत असेल तर उत्तम. मधूनमधून पापण्यांची उघडझाप करण्याची आठवण द्यावी.

५. झोपण्यापूर्वी किमान एक तास पडदा बंद. गृहपाठ राहिला तर राहू द्या. सरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहा. चिठ्ठी लिहिण्यात कमीपणा नाही.

६. रोज निदान तासभर मूल घराबाहेर खेळले पाहिजे. हा वेळ अभ्यासातून उरला तर द्यायचा नाही, आधी बाजूला काढायचा.

७. फाईल किती जाड आहे हे न पाहता, "आज काय शिकलीस, मला शिकव" असे मुलाला म्हणा. आपल्याला संगणक येत नसला तरी चालेल. ज्याला समजले आहे ते मूल समजावून सांगू शकते.

एक महत्त्वाची सूचना. प्रत्येक डोकेदुखी चष्म्याची नसते. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून उलटी होणे, दुखण्याने झोपेतून जाग येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नव्याने तिरळेपणा येणे, चालताना तोल जाणे, फिट येणे, तापाबरोबर मान ताठ होणे, यांपैकी काहीही आढळले तर घरगुती उपाय करत न बसता मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आता त्या मुलीविषयी. तिला पहिल्या बाकावर जागा मिळाली. चष्मा लागला आणि मोबाईल रात्री नऊनंतर कोणी वापरायचा नाही असे घरात ठरले. तीन आठवड्यांत डोकेदुखी जवळजवळ थांबली. सरांनी सातवीसाठी दहा पानांची फाईल बंद करून आठवड्याला वहीचे एक पान ठेवले आहे. दोन पालकांनी त्यावर तक्रार केली, असे ते म्हणाले. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

गेल्या आठवड्यात ती मुलगी तपासणीला आली तेव्हा वही घेऊन आली होती. जलसंजीवनीची कृती तिने अकरा पायऱ्यांत लिहिली होती. मी वाचत असताना तिने मध्येच थांबवले. "थांबा डॉक्टर, चुकलंय. हात धुवायचं राहिलं." माझ्या टेबलावरचे पेन घेऊन तिने सर्वांत वर एक पायरी वाढवली आणि खालचे सगळे आकडे एकेक करून बदलले.

एवढा गृहपाठ पुरेसा आहे.